हात सोडायचा असतो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. मारुतीला रोज हात जोडतो, पण त्याच्यापुढेही या बाबतीत तोंड उघडत नाही — कारण जे घडलं ते त्याच्याच तसबिरीसमोर घडलं. मग तुम्हालाच का सांगतोय? खरं विचाराल तर मलाही नीट ठाऊक नाही. तुम्ही आमच्या गावचे नाही, एवढं पुरे असावं.

आमचं गाव खर्ड्याच्या बाजूला. मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षाची गोष्ट. मी सोळा-सतरा वर्षांचा, शिंप्याचा मुलगा, अंगानं असा की गावानं नावच ‘काडी’ ठेवलेलं. कुणी हाक मारली की माझी मान खाली. दुकानात गिऱ्हाइकानं दोन शब्द विचारले तरी घाम फुटायचा. शेवटी वडिलांनी कंटाळून मला तालमीत नेऊन सोडलं — म्हणजे अक्षरशः सोडलं; दारात उभं केलं आणि मागच्या मागे निघून गेले.

मला वाटलं होतं, हसतील. लंगोटातलं माझं ते ध्यान बघून मीच हसलो असतो! पण कुणी हसलं नाही. ज्याच्या घरी म्हैस दूध देत असेल त्याचा तांब्या तालमीत फिरायचा आणि नवा म्हणून आधी माझ्यापुढे यायचा. बैठका मारताना मला धाप लागली की शेजारचा गडी आपणहून हळू व्हायचा, “थांब की रं, मलाबी दम लागलाय,” म्हणायचा. त्याला कसला दम लागतोय! रेड्यासारखा गडी तो. पण त्याच्या त्या खोट्या दमावर मी आणखी चार बैठका मारायचो.

आणि रहिमान. पिंजाऱ्याचा मुलगा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, आमच्या तालमीचा सगळ्यात तयार पैलवान. वस्तादांनी माझी जोड त्याच्याशी लावली. धोबीपछाड मला त्यानंच शिकवली — समोरच्याचा हात आपल्या खांद्यावरून ओढून घ्यायचा, कमरेत वाकायचं आणि धोब्यानं कपडा आपटावा तसं त्याला पाठीवरून पुढे टाकायचं. “पर एक ध्यानात ठेव,” तो सांगायचा. “सरावात गडी हवेत गेला की हात सोडायचा. न्हाई सोडला तर खांदा जातो.”

महिन्याभरात मी रहिमानला पाडायला लागलो. मी! काडीनं! तो धाडकन मातीत पडायचा, वर बघून म्हणायचा, “लई जोर आला रं तुला.” तुम्हाला सांगतो, त्या दिवसांत मी गावातून चालायचो ते छाती काढून. दुकानात गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायला शिकलो. आईनं एकदा वडिलांना हळूच म्हटलं, पोराचा आवाज फुटला बरं का. इतकं सुख मला पुन्हा कधी मिळालं नाही, हे आज या वयात सांगतो.

आता बघा, मी पुन्हा गोड आठवणींतच घोटाळतोय. सांगायचं राहतंय.

आमच्या तालमीची एक रीत होती, आणि नव्या पोराला ती कुणी सांगायची नाही अशीही रीत होती. वस्ताद म्हणायचे, “नव्याला पयल्यांदा पाडायचं न्हाई, त्याच्या खाली पडायचं. पोरानं उगाच माती खाल्ली, तर ते पुन्हा येत न्हाई.” हे मला कधी कळलं? गावची जत्रा आठ-दहा दिवसांवर आलेली. विहिरीवर दोघे जण अंग धूत होते, मी भिंतीच्या अलीकडे. एक म्हणाला, “काडीखाली कसा पडतुया रहिमान! याला तमाशात घ्यायला पायजे राव.” दुसरा हसला. मग म्हणाला, “पर पोरगं सुदारलं, व्हय का न्हाई?”

हे दुसरं वाक्य मी ऐकलं होतं. पण घरी नेलं ते फक्त पहिलं.

रागानं मी पेटलो. राग कुणाचा? ज्यांनी मला उभं केलं त्यांचाच! वाटलं, इतके दिवस हे सगळे मिळून आपल्याला खेळवत होते. आज कळतं की तसं प्रेम फार थोड्यांच्या नशिबी येतं. पण तेव्हा — नाही, ‘तेव्हा लहान होतो’ असं मी म्हणणार नाही. मला सगळं कळत होतं. त्या जत्रेत रहिमानची मोठी कुस्ती लागलेली होती. एका साखर कारखान्याचे लोक ती बघायला यायचे होते. कारखान्यावर पैलवान गडी नोकरीला ठेवत, आणि कुस्ती मारली तर रहिमानला घेऊ असा शब्द त्यांनी दिलेला. त्याचं घर त्या शब्दावर डोळे लावून बसलं होतं. हेही मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मारुतीच्या तसबिरीसमोरच्या हौद्यात, कुस्तीच्या मातीत, उतरलो. मी धोबीपछाड लावली. रहिमाननं नेहमीसारखं अंग सैल सोडलं — माझ्यासाठी पडणार होता ना तो. एरवी त्याचा हात पिरगळायची माझी काय बिशाद? सैल होता म्हणूनच जमलं. तो हवेत गेला आणि मी हात सोडला नाही. उलट खाली ओढला. होती नव्हती ती सगळी ताकद लावून.

खांदा निखळल्याचा आवाज झाला.

सगळे धावले. माझ्या तोंडून एकच शब्द निघाला — “चुकून.” आणि मातीत पडलेला रहिमान दात आवळून म्हणाला, “त्याचं काय न्हाई वस्ताद. माझाच पाय घसरला.”

त्याला कळलं नसेल का? पैलवानाला पकड कळते हो. एवढ्या जवळून तर कळतेच.

हाडवैद्यानं खांदा बसवला, पण उजवा हात खांद्याच्या वर गेला नाही तो गेलाच नाही. जत्रा झाली. कारखान्याची नोकरी दुसऱ्या गावच्या पैलवानाला मिळाली. मी मात्र घरात तोंड लपवून बसलो, तर वस्ताद स्वतः घरी आले. “हुतं असं तालमीत. उद्या यायचं,” म्हणाले. पोरगं खचेल म्हणून मला कुणी एका शब्दानं बोलायचं नाही, अशी ताकीदच दिली होती त्यांनी सगळ्यांना. मी गेलो. दुधाचा तांब्या पुन्हा आधी माझ्यापुढे आला — आणि मी तो प्यालो.

पुढच्या वर्षी पावसानं दगा दिला. सगळं गाव खडी फोडायच्या कामावर. घण उचलायला दोन्ही हात लागतात. रहिमान डाव्या हातात बादली घेऊन कामावरच्या बायकांबरोबर पाणी वाटायचा. मी नगरला मास्तरकीच्या शिक्षणाला गेलो होतो. सुट्टीत आलो तेव्हा त्यानं मला लांबून ओळखलं, पाणी दिलं, अभ्यास कसा चाललाय विचारलं. मी बरा चाललाय म्हणालो.

पुढे मी शिक्षक झालो, मुख्याध्यापक झालो. लोक म्हणतात, सरांचा आवाज काय खणखणीत आहे! गावात मात्र एक गोष्ट रुजून बसली: रहिमान गाफील राहिला, ऐन जत्रेच्या तोंडावर पाय घसरून नशीब घालवून बसला. आया पोरांना दाखला द्यायच्या, गाफील राहू नका, रहिमानसारखं होईल.

चार-पाच वर्षांपूर्वी तालमीची नवी इमारत झाली. प्रमुख पाहुणा म्हणून मला बोलावलं. तालमीनं मला माणूस केलं, असं मी बोललो, बरंच बोललो. रहिमान पुढेच बसलेला, दाढी पांढरी झालेली, माझ्याकडे कौतुकानं बघत होता. मधेच कुणी तरुण पोरगा मागून ओरडला, “रहिमानचाचा, तवा पाय घसरला नसता तर आज तितं तुमी उभं असता की!” रहिमान मान हलवून म्हणाला, “गाफील राह्यलो बाबा, काय करता.” सगळा मांडव हसला.

मीही हसलो. माईक माझ्याच हातात होता.