घरात कोणी नाही

रफूबाईंच्या घरानं एका दुपारी परस्पर जाहीर करून टाकलं, की रफूबाई घरात नाहीत.

त्या होत्या. मागच्या खोलीत, आपल्या खुर्चीत, कसरीनं कुणाच्या तरी लोकरी कोटाला पाडलेलं भोक भरत बसल्या होत्या. रफूचं काम असं, की माणूस पुतळ्यासारखा बसतो. हलतात ती फक्त बोटं, आणि तीही तीळभर. मुलानं मोठ्या हौसेनं बसवलेला सेन्सर छताच्या कोपऱ्यातून टक लावून बघत होता. बराच वेळ काही हललं नाही म्हटल्यावर त्यानं निकाल दिला. दिवा गेला, पंखा थांबला, पुढच्या दाराचं कुलूप आपोआप लागलं आणि दाराजवळची बोलकी डबी मधाळ आवाजात म्हणाली, "घरात कोणी नाही."

"मग मी कोण, पडदा?" रफूबाई म्हणाल्या.

नुसता हात वर केला असता तरी दिवा लागला असता. पण आपल्याच घरात आपण आहोत हे पटवायला हातवारे करायचे? छताला चिकटवलेल्या त्या बटणाएवढ्या सेन्सरपुढे? त्यांनी टॉर्च दातांत धरला आणि टाके पुढे चालू केले. तेवढ्यात फोन वाजू लागला. तोही वाजू दिला. एक भोक हाती घेतलं की ते भरेपर्यंत उठायचं नाही आणि फोन घ्यायचा नाही, हा त्यांचा उभ्या जन्माचा नेम. मधे उठलं की धाग्याचा ताण बदलतो आणि ते कापडाला कळतं, असं त्या म्हणत.

फोन मुलाचा होता. 'घरात कोणी नाही' हा निरोप त्याच्याकडे पोचला होता, आणि आई दुपारची कधी उंबरा ओलांडत नाही हे त्याला ठाऊक होतं. घाबरून त्यानं शेजारच्या सुताराला पिटाळलं. सुतारानं पहार घालून दार उचकटलं, धावत आत आला आणि अंधारात एक तोंड उजळलेलं पाहून जागीच थिजला.

"मावशी, बऱ्या आहात ना?"

रफूबाईंनी टॉर्च तोंडातून काढला. "मी बरी आहे. दाराचं काय ते बघ."

संध्याकाळी मुलानं फोनवर ऐकवलं, "आई, हट्ट पुरे. घर असं वागणार असेल तर तू एकटी राहायचं नाहीस. रविवारी येतो न्यायला. इकडे तुला काडीचं काम पडणार नाही."

"त्याचीच तर धास्ती आहे," रफूबाई म्हणाल्या. "आणि घर सुधारलं तर?"

"सुधारलं तर बघू."

झालं, रफूबाईंनी पदर खोचला. आधी सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. त्यावर डबीनं त्यांचं नव्या घरात स्वागत केलं आणि नाव विचारलं. "आगाऊ आहेस," एवढंच उत्तर तिला मिळालं. मग सेन्सरला काहीतरी हलतं दिसावं म्हणून त्यांनी टेबलफॅनपुढे एक जुना पायजमा टांगला. पायजमा जीव तोडून नाचला. सेन्सर ढिम्म.

सूनबाई मनातून सासूच्या पक्षातली. ती ऑफिसातून हळू आवाजात फोनवर म्हणाली, "आई, त्याला नुसतं हलणं कळत नाही. अंगाची ऊब हलावी लागते. पायजमा रिकामा आहे. आणि इतक्या लांबून तुमची बोटं त्याला कुठून दिसणार?"

"म्हणजे नजर अधू आहे मेल्याची. मग आधी सांगायचं."

नजर अधू झाली की काय करायचं हे रफूबाईंना कुणी शिकवायला नको होतं. त्या स्वतः हल्ली कापड नाकाशी धरत. सुताराची शिडी मागवली, सेन्सर कोपऱ्यातून उतरवला आणि टेबलावर रिळांना टेकवून, आपल्या बोटांसमोर बसवला. "आता बघ नीट. शिकलास तर तुझंच भलं." दिवा लागला तो लागलाच राहिला. दाराला सुतारानं साधी कडी ठोकून दिली.

रविवारी मुलगा मोठी रिकामी बॅग घेऊन आला. रफूबाईंनी नुकतंच भोक हाती घेतलं होतं.

"बाहेर बस. भरलं की येते."

तो सोफ्यावर बसला, फोनमध्ये मान घातली आणि तसाच राहिला. आत दिवा लख्ख होता. बाहेरच्या खोलीचा सेन्सर मात्र अजून कोपऱ्यातच होता. थोड्या वेळानं सोफ्यावर अंधार झाला.

"बाहेरच्या खोलीत कोणी नाही," डबी म्हणाली. तोच निरोप मुलाच्या हातातल्या फोनवरही आला.

"आई, अगं, मी इथंच आहे."

"मला नको सांगू, त्याला सांग. हात हलव, त्याला आवडतं."

मुलानं दोन्ही हात हलवले. दिवा लागला. तो उठून आतल्या दारात आला, रिळांना टेकलेल्या सेन्सरकडे पाहिलं, आईच्या बोटांकडे पाहिलं. हातातला फोन खिशात घातला. मग म्हणाला, "रोज संध्याकाळी फोन मात्र घेत जा."

"संध्याकाळी घेईन. दुपारी नाही."

भोक भरल्यावर त्या उठल्या, दाराजवळची डबी पिरगाळून भिंतीवरून काढली आणि त्याच्या बॅगेत ठेवली. "इतक्या लांब आलास, रिकाम्या हातानं परत कसा जाशील? हिला ने. तुझ्या घरी कोण आहे, कोण नाही, ते सांगत बसेल."