फोकस मागच्या बगळ्यावर

रविवारची सकाळ होती. मी स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत बसले होते आणि माझा नवरा मिलिंद नेहमीसारखा होसकोट्याच्या तळ्यावर पक्ष्यांचे फोटो काढायला गेला होता. त्याच्यासोबत गेलेल्या नीलेशचा फोन आला. "काकू, काका जरा खाली बसलेत," एवढंच तो म्हणाला. मग फोन अनंतण्णांनी घेतला. ऑटोच्या मागे लागू नका, गाडी पाठवतोय, असं त्यांनी सांगितलं. त्यांची गाडी मला न्यायला आली तेव्हा तिच्यात मागच्या सीटवर मिलिंदची कॅमेऱ्याची बॅग होती. ती मी आत नेऊन ठेवली आणि निघाले.

माणूस गेला की दाराशी चपला जमतात, तसे घरात किस्से जमतात. मिलिंदचे बहुतेक किस्से त्याच्या नव्या कॅमेऱ्याच्या ऑटोफोकसचे आहेत आणि सांगणारे दोघंच. अनंतण्णा चामराजपेटचे. त्यांचं घराणं इतक्या पिढ्या इथलं, की मराठीत कन्नड कधी शिरतं ते त्यांनाही कळत नाही. नीलेश नागपूरचा, आयटीतला, बनशंकरीत आमच्या मागच्याच गल्लीत राहतो. मिलिंद धरून तिघांचं रविवारचं मंडळ. दोघं भेटायला यायचे, एखादा किस्सा सांगायचे आणि थोडं हसायचे. मला मात्र त्यांच्याकडून दुसरंच काही हवं होतं. चौरंगावर ठेवायला मिलिंदचा एक धड फोटो.

*

नवा कॅमेरा आणि हातभर लांब नवी लेन्स. पहिल्या रविवारी खंड्याचे ढीगभर फोटो आले. सगळ्यांत फांदी सुरेख आणि खंड्या धुक्यात बसल्यासारखा. मिलिंदचा चेहरा पडला. अनंतण्णांनी समजूत काढली, "स्वल्प दम धरा. लेन्सला आधी झाडाची ओळख होऊ दे, मग पक्ष्याची."

मिलिंदने घरी टेस्ट सुरू केल्या. मी वर्तमानपत्र हातात धरून उभी राहायची आणि तो लांबून अक्षरांवर फोकस करायचा. हात दुखले तरी हलायचं नाही. त्या काळातले माझे कितीतरी फोटो आहेत. सगळ्यांत टेंडर नोटिसा स्पष्ट वाचता येतात.

*

मग लेन्सने जवळचं बघणंच सोडलं. लांबच्या पाण्याच्या टाकीवर फोकस बसे, पण बाल्कनीतल्या जास्वंदीवर लेन्स नुसती घुं-घुं करत मागेपुढे व्हायची. मिलिंदने इंटरनेटवरच्या मंचांवर प्रश्न विचारले, व्हिडिओ पाहिले, कॅमेऱ्यात नवं सॉफ्टवेअर भरलं. काही उपयोग नाही. एक दिवस तो ऑफिसला गेल्यावर मी लेन्सवरची धूळ पुसून ठेवली. संध्याकाळी त्याने सहज उचलली, तर जास्वंदीचे परागसुद्धा दिसू लागले. "सॉफ्टवेअरला सेटल व्हायला वेळ लागतो," असं त्याने दोघांना फोन करून सांगितलं.

दिवसकार्यानंतर हा किस्सा निघाला, तेव्हा नीलेशने मला लेन्सच्या अंगावरचं एक बारीक सरकतं बटण दाखवलं. ते एका बाजूला असलं की लेन्स फक्त लांबचंच शोधते, जवळचं असून नसल्यासारखं. पुसताना माझ्या फडक्याने ते सरकलं होतं.

"म्हणजे काकू, रिपेअर तुम्ही केला होता," नीलेश म्हणाला.

मिलिंदला हे कळलं असतं तर तो दोन दिवस बोलला नसता, आणि तिसऱ्या दिवशी त्यानेच ते चारचौघांत सांगितलं असतं.

*

या कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा आपोआप शोधायची सोय आहे. डोळा सापडला की त्यावर चौकोन येतो. एकदा तळ्यावर पक्षी नव्हतेच. मिलिंदने कॅमेरा इकडेतिकडे फिरवला तर चौकोन येऊन बसला अनंतण्णांच्या शर्टाच्या बटणावर, आणि हलेना.

"अण्णा, कॅमेरा तुम्हाला पक्षी समजतोय."

अनंतण्णा थर्मासचं झाकण लावत म्हणाले, "सरी बिडु, असू दे. घरी मला घुबडच म्हणतात."

*

फोटो शोधायचं काम दोघांनी मनापासून केलं. माझ्या फोनमध्ये मिलिंद नव्हता, कारण घरात फोटो काढणारा तोच. लग्नातले होते, पण त्यातल्या मुलाला आता कुणी ओळखलं नसतं. दोघं आपापल्या कॅमेऱ्यांची कार्डं घेऊन आले आणि नीलेशने लॅपटॉप उघडला.

मिलिंद बऱ्याच फोटोंत होता. चहा पिताना, बूट झटकताना, काहीतरी सांगताना. एकाही फोटोत चेहरा स्पष्ट नव्हता. त्याच्या मागे पाण्यात उभा असलेला बगळा मात्र पिसापिसासकट स्पष्ट. दोघांचेही कॅमेरे पक्ष्यांसाठी लावलेले. समोर माणूस असला तरी त्यांनी मागचा पक्षी शोधला होता.

नीलेश एकेक फोटो पुढे सरकवत राहिला. शेवटी अनंतण्णांनी हात पुढे करून लॅपटॉप मिटला. "बगळे चांगले आलेत," एवढंच ते म्हणाले.

चौरंगावर ऑफिसच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून ठेवला.

*

एक किस्सा मात्र त्या दोघांना माहीत नव्हता. तो माझ्या घरातला.

मिलिंद जायच्या महिनाभर आधी, एका संध्याकाळी त्याने कॅमेरा माझ्या हातात दिला. दोष मशीनचा की त्याच्या हाताचा, याचा निकाल लावायचा होता. तो बाल्कनीत उभा राहणार आणि फोटो मी काढणार. पण एवढ्या लांब लेन्सला समोरच्या माणसापासून अंतर लागतं. मी हॉलमधून जेवणाच्या टेबलापाशी गेले, तिथून दाराशी, तिथून बाहेर पॅसेजमध्ये. तो आतून ओरडत होता, "अजून मागे." माझी पाठ समोरच्या दाराला लागली, तेवढ्यात शेजारच्या अक्कांनी ते उघडलं. त्यांनी लेन्सकडे पाहिलं, काही विचारलं नाही. "बन्नी, बन्नी," म्हणत मला पाठमोरीच आत घेतलं. मी त्यांच्या घरात उभी आणि नवरा आमच्या बाल्कनीत. तेव्हा कुठे कॅमेरा बीप झाला.

मिलिंदने फोटो मोठा करून आपली मिशी तपासली. "एकेक केस मोजून घे. लेन्स उत्तम आहे. दोष माझाच." आणि संध्याकाळभर तो खुशीत होता. ती एक टेस्ट होती. तिला फोटो म्हणायचं माझ्या मनातच आलं नाही.

वर्षश्राद्धाच्या आधी नीलेश मिलिंदच्या कॅमेऱ्यातलं कार्ड रिकामं करत होता, तेव्हा तो फोटो निघाला. चष्म्याच्या काडीवरचा ओरखडा दिसतो. डोळ्यांखालच्या बारीक रेषा दिसतात. तोंड अर्धवट उघडं, "मागे" म्हणताना. चेहरा स्क्रीनभर आहे, भुवयांपासून हनुवटीपर्यंत. त्याच्या वरचं फ्रेममध्ये मावलेलं नाही.

"काकू, सापडला," नीलेश म्हणाला आणि डोळे पुसू लागला.

अनंतण्णांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"कपाळ नाहीये," ते हळूच म्हणाले. "गंध कुठे लावणार?"

दुसऱ्या फोटोतलं कपाळ आणून जोडता येईल, असं नीलेशने सुचवलं. मी नको म्हटलं. वर्षश्राद्धालाही ओळखपत्रावरचाच फोटो होता.

या फोटोची प्रिंट मी अजून काढलेली नाही.