सुमारिनकाकूंची चूल

तर चांथू तोवर चौथ्या घरात शिरली होती. काल तुम्ही मध्येच उठून गेलात; खरी मजा तिथून पुढं आहे.

पोर कंबोडियाची, बाटामबांगकडची. इकडं जावात, जोगजाच्या कॉलेजात शिकायला आलेली आणि दोन महिन्यांसाठी आमच्या वाडीत, आमच्याच घरी उतरलेली. आली तीही विमानानं नाही. बस, आगगाडी, बोट असं करत थायलंड, मलेशिया आणि अख्खा सुमात्रा पालथा घालून आली. वाटेत ज्यानं ज्यानं ‘बस जेवायला’ म्हटलं, त्याच्या पंगतीला बसली. तिच्या गावची रीतच तशी. बोलावलं की बसायचं, नाही म्हटलं तर समोरचा रुसतो.

आमची रीत वेगळी. दारावरून कुणीही जाऊ दे, आम्ही हाक मारणार, “या ना आत, चार घास खाऊन जा!” जाणाऱ्यानं हसून म्हणायचं, “पुन्हा कधीतरी!” झालं, दोघांचंही समाधान. मी स्वतः साठ वर्षं अशा हाका मारतोय. कुणी आत आलं असतं तर माझीच पंचाईत झाली असती. चूल कुठं पेटलेली असते त्या वेळी!

ही मात्र पहिल्याच संध्याकाळी हाकेसरशी चपला काढून आत. एका घरातून निघाली की दुसऱ्या. गल्लीत नुसती पळापळ! पहिल्या घरी तिच्यापुढं शेंगदाण्यांची बशी ठेवली, ती तिच्या पाठोपाठ मागच्या दारानं दुसऱ्या घरी, तिथून तिसऱ्या. चौथ्या घरी तुगिनेम म्हातारी एकटीच असते. तिच्याकडंही तीच बशी पोचली. चांथू रात्री मला म्हणते, “म्बाह, तुमच्याकडं सगळ्यांच्या हाताला एकच चव कशी हो?” मला सगळी वाडी म्बाह म्हणते, म्हणजे आजोबा. मी काय सांगणार? म्हटलं, “पाणी एकाच विहिरीचं ना, पोरी.”

पण या चुकीतून तिचं काम मात्र फत्ते होत होतं. तिचा अभ्यास होता चुलींचा. तीस घरच्या चुली बघायच्या, मापं घ्यायची, चित्रं काढायची. तीस भरल्या नाहीत तर वर्ष वाया आणि शिष्यवृत्ती बंद. मग सरळ घरचा रस्ता. आता आमच्याकडं पाहुण्याची जागा पुढच्या खोलीत. मागचं स्वयंपाकघर म्हणजे घराचं अंतर्वस्त्र, ते कुणी दाखवतं का? गेल्या वर्षी असाच एक मुलगा आला होता. दोन महिने पुढच्या खोल्यांतून गोड चहा पिऊन जाड होऊन गेला, चूल एकही दिसली नाही. हिला मात्र जेवूच घालायचं, आणि घरात तयार काहीच नसायचं, म्हणून बायका लगबगीनं मागं पळायच्या, आणि ही त्यांच्या मागोमाग. “काकू, द्या फुंकणी, मी जाळ घालते.” दहा दिवसांत बावीस चुली!

मग आमच्या सूनबाईंनी, पार्सिनानं, तिला बाजूला घेतलं. “अगं, ते नुसतं म्हणायचं असतं. आत जायचं नसतं गं बाई.”

पोर कानापर्यंत लाल झाली. तीन दिवस बाहेर पडली नाही. पडली ती खाली मान घालून, आणि प्रत्येक दारापाशी अगदी आमच्यासारखं हसून, “पुन्हा कधीतरी!” वही बावीसवर अडली. गुरुवारी सर तपासायला यायचे होते.

शेवटी तुगिनेमचाच संयम सुटला. चांथूची वाट अडवून कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली. “काय गं भवाने, परवापर्यंत घरची होतीस, आता परकी झालीस? मी रोज दोन मुठी तांदूळ जास्त टाकते, ते काय कोंबड्यांसाठी?” हे साऱ्या गल्लीनं ऐकलं आणि चक्र उलटं फिरलं. ज्यांच्याकडं ती गेली नव्हती त्यांना अपमान वाटू लागला. हाका दोनदोनदा, तीनतीनदा येऊ लागल्या. कुणी तर हाताला धरून ओढलं. बुधवारी संध्याकाळी एकोणतीस.

गल्लीत एकच घर उरलं, वाडीच्या प्रमुखाचं. त्यांच्या सुमारिनकाकू सगळ्यांत कडक. “परदेशी पोरीला वळण म्हणून नाही,” हे पहिलं त्यांनीच म्हटलेलं. शिवाय बायकांच्या बैठकीत त्या नेहमी सांगायच्या, आमच्याकडं फक्त गॅस. धूर मात्र त्यांच्या मागच्या कौलांतून रोज निघायचा. आम्ही रीतीनं वर बघत नव्हतो, एवढंच.

गुरुवारी सकाळी सुमारिनकाकू अंगण झाडत होत्या. चांथू वही छातीशी धरून समोरून आली. मी ओट्यावर पान जुळवत होतो. पार्सिना कुंपणापाशी कपडे वाळत घालत होती, एकच कपडा पाचव्यांदा. सगळी गल्ली कान देऊन होती. आता हाक मारली नाही तर प्रमुखाच्या घराची लाज, आणि मारली तर...

काकूंनी झाडू खाली ठेवला. साखरेत घोळलेल्या आवाजात एकदाच म्हणाल्या, “या हं चांथू, चार घास खाऊन जा.” आणि दाराच्या चौकटीत अशा उभ्या राहिल्या, की मांजरही आत जाऊ नये.

चांथू थांबली. माझ्याकडं बघितलं. मी पान तोंडात कोंबलं, म्हणजे बोलायला नको. तिनं सावकाश एक चप्पल काढली, मग दुसरी, आणि दोन्ही उंबऱ्याशी नीट जोडून ठेवल्या.

काकूंचा चेहरा उतरला. “अगं... मी आपलं सहज म्हटलं.”

“मीपण सहजच आले, काकू. चूल मागच्या अंगाला आहे ना?”