जावेची जागा

धरणाकाठी आमचं भाजीपाल्याचं वावर आहे. निंदण आटपलं की मी आन् माही लहानी जाऊ गळ टाकून बसतो, हाकेच्या अंतरावर. पाणी एकच, काड्या एकाच बांबूच्या, दोरीले तरंगाले बांधलेलं ज्वारीच्या धांड्याचं भेंडही सारखंच. तरी मासा तिच्याच गळाले लागते.

तिचं भेंड बुडकन खाली गेलं की मी माहा रिकामा गळ वढून पाहे. वरून ती म्हणे, "बाई, तुमचंही हालून राह्यलं." माहं वाऱ्यानं हाले. घरी आमचे हे बोटं चाटत म्हणत, "लहानीच्या हाताले गुण हाये बुवा." मसाला मी वाटलेला, रस्सा मी रांधलेला, अन् गुण तिच्या हाताले.

मागच्या उन्हाळ्यात माही लेक वर्षानं माहेरी येणार होती. फोनवर म्हणाली, "आई, धरणाचा रोहू खायचाय." मी मनात धरलं, हा मासा माह्याच गळाचा पाहिजे. लेकीच्या ताटात काकूचा मासा मी वाढणार नाही.

आता, आम्ही जागा चारतो. म्हणजे चार-पाच दिवस एकाच ठिकाणी सरकीची ढेप अन् कणकेचे गोळे टाकायचे, माशाले तिथं यायची सवय लागते. पण मूठभरच. पोट भरलं की तो गळाकडे पाहत नाही. आम्ही दोघीही आपापली जागा चारत होतो. लेक यायच्या दिवशी सकाळी जाऊ भाजी घेऊन पिंपळगाव राजाच्या बाजारात गेली, अन् मी घमेलंभर गोळे तिच्या जागेवर ओतले.

चार वाजता दोघी बसलो. तिचं भेंड हाललं नाही. मले लय गार वाटलं. मग माहंही हाललं नाही. दिवस कलला तेव्हा उमगलं, माह्या जागचे मासेही तिकडंच जेवाले गेले होते. पाण्याले काय कुंपण असते?

जाऊ काठावर सांडलेला एक गोळा उचलून हुंगत होती. कणकेत भाजलेली बडीशोप मीच टाकते, ती नाही टाकत. त्या सांजेले लेकीनं वांग्याची भाजी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी जाऊ म्हणाली, "बाई, आज माह्या जागेवर बसा."

"काऊन वं?"

"तुम्हीच चारली ना. मग बसा बी तुम्हीच."

मी बसली. घटकाभरात हातभर रोहू लागला. लेकीनं काटे चोखून खाल्ला. ह्यांनी विचारलं, "कोणाचा मासा?" भाकर वाढता वाढता जाऊच म्हणाली, "बाईंचाच."

तेव्हा मले आनंद व्हायले पाहिजे होता. पण माशाचं जाऊ द्या, असं मोठ्या मनानं बोलणंही तिलेच जमावं, ह्याचीच आता जास्त जळजळ होते.

अजूनही बसतो दोघी. काल ती म्हणाली, "बाई, तुमचं बुडालं, वढा लवकर." वढेपर्यंत मासा गेला होता. मी तिच्याच भेंडाकडे पाहून राह्यली होती.