उशीतला झेंडा

“हा झेंडा खांबावर चढणार नाही,” हेदरने सांगितलं.

टामा टेबलापलीकडे उभा होता. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले, फौजी माणसं नेतात तसे.

“मी शब्द दिलाय,” तो म्हणाला.

“शब्द तू दिलायस. कापडाने नाही दिला.”

हेदर माझी बॉस. क्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागात, टायरच्या दुकानाला लागून आमचं छोटं वर्कशॉप होतं. जुनं कापड जपणं, म्हणजे टेक्सटाइल कॉन्झर्वेशन, हे आमचं काम. लोकांना वाटतं आम्ही जुनं कापड नवं करून देतो. तसं नसतं. आहे त्याहून वाईट होऊ द्यायचं नाही, एवढंच आमच्या हातात असतं. मी तिथे नुकतीच लागले होते आणि बोलायची वेळ आली की भिंग पुसत बसायचे.

२००२ चा मे महिना होता. त्या महिन्यात ईस्ट टिमोर स्वतंत्र देश होणार होता. चिमुकला देश. पोर्तुगीज गेले आणि इंडोनेशियाच्या फौजा आत शिरल्या, त्या चोवीस वर्षं राहिल्या. शेवटी लोकांनी मतदान करून स्वातंत्र्य मागितलं, तेव्हा गावंच्या गावं जाळली गेली. मग शांतिसेना गेली. त्यात न्यूझीलंडचे बरेच सैनिक होते. टामा त्यांच्यात सार्जंट होता. आता त्याच्या माजी सैनिकांच्या क्लबने स्वातंत्र्याच्या दिवशी सकाळी झेंडावंदन ठेवलं होतं.

नवा झेंडा सहज मिळाला असता. पण टामाने आणलेला झेंडा एका म्हातारीने हाताने शिवलेला होता. फौजा यायच्या आधी थोडेच दिवस देशाने स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. तेव्हाचा. तो घरात सापडला असता तर घरातली माणसं गायब झाली असती. म्हणून तिने तो उशीत, कापसाच्या मधोमध शिवून टाकला. इतकी वर्षं ती त्याच उशीवर झोपली. गाव जळलं तेव्हा ती उशी घेऊन डोंगरात गेली. उशी कवटाळून पळणाऱ्या म्हातारीला कोण अडवणार?

टामाची तुकडी त्या गावात होती. परत निघताना तिने उशी उसवली आणि झेंडा त्याच्या हातात ठेवला. म्हणाली, “तो दिवस येईल तेव्हा तुझ्या देशात हा वर चढव.”

“तिने स्वतःच्याच गावात का नाही ठेवला?” मी विचारलं. त्या दिवशीचं माझं पहिलं वाक्य.

“मीही हेच विचारलं, सिस. ती नुसती हसली.”

आम्ही तपासणी केली. ओल्या कापसाच्या बोळ्याने लाल रंगाला हलकेच टेकलं, तर बोळा गुलाबी झाला. म्हणजे पाऊस चालणार नाही. झेंड्यावरचा काळा त्रिकोण त्याहून नाजूक. तो चिखलात रंगवलेला होता. अशा चिखलात लोह असतं, त्याने काळा रंग पक्का बसतो. पण तेच लोह पुढे धागा खातं. आणि घड्या! भिंगाखाली बघताना घडीवरचा एक धागा माझ्या श्वासाने हलला आणि तुटला.

“काचेच्या फ्रेममध्ये आडवा ठेवू,” हेदर म्हणाली. “अंधाऱ्या खोलीत. अजून शंभर वर्षं राहील.”

“अंधारातच होता की तो,” टामा म्हणाला आणि निघून गेला. झेंडा मात्र ठेवून गेला.

तेव्हा आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिने विचारलं, “आज गप्प का? म्हणजे नेहमीपेक्षा जास्त?”

मी सगळं सांगितलं. आईने मेथीची जुडी खाली ठेवली.

“म्हणजे तिने त्याला घडी मोडायला दिलाय.”

“काय मोडायला?”

“कॉन्व्हेंटात घातलं ते चुकलंच,” आई म्हणाली. “अगं, नवी साडी घेतली की आधी जिवाभावाच्या माणसाला नेसायला द्यायची. तिने घडी मोडली की मग आपण नेसायची. माझी प्रत्येक चांगली साडी आधी सुमावहिनी नेसली. ज्याला त्याला नाही देत कुणी घडी मोडायला.”

“पण तो फाटेल गं, आई.”

“आणि माझा शालू? लग्नानंतर कधी नेसलेच नाही, खराब होईल म्हणून. कपाटातल्या कपाटात घडी-घडीवर चिरला. तू नाक वर करून शिकवतेस ना सगळ्यांना, कापड कशाने फाटतं ते?”

हे आम्हाला कॉलेजातही शिकवलं होतं. न हलवलेली घडी कापड कापते. पण ते मी परीक्षेत लिहिलं होतं. शालूचं मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी हेदरसमोर उभी राहिले. बोलायचं ते बसमध्ये दोनदा घोकलं होतं.

“घडीवर तो असाही तुटणार आहे.”

“म्हणून आपण तोडायचा?”

“नाही. ताण कापडावर येऊच द्यायचा नाही. मागेपुढे बारीक नेट लावू. खांबाकडच्या कडेला जाड पट्टी. दोरी पट्टीला ओढेल, झेंड्याला नाही. पाऊस असेल तर रद्द. वारा वाढला तर मी हात वर करेन, टामाने लगेच उतरवायचा. आणि फक्त राष्ट्रगीत संपेपर्यंत.”

हेदरने झेंड्याकडे पाहिलं. मग तिने टामाला फोन लावला. “फाटला तर?” एवढंच विचारलं.

फोन स्पीकरवर होता. टामा म्हणाला, “माझ्या नानीचा कोरोवाई आहे, पिसांचा माओरी झगा. घरात कुणी गेलं की शवपेटीवर तोच घालतात. दर वेळी दोन-चार पिसं गळतात. पण घालू नका असं आजवर कुणी म्हटलं नाही.”

“ठीक आहे,” हेदर म्हणाली. माझ्याकडे वळून म्हणाली, “हात वर करशील ना? चारचौघांत?”

रेशमी धाग्याने नेट जोडायला आम्हा दोघींना बरेच दिवस लागले. टाके कापडातून नाही, धाग्यांच्या मधल्या जागेतून काढायचे. उशीतला कापूस अडकून राहिला होता तो आम्ही काढला नाही. धुराचा वासही तसाच राहू दिला.

त्या सकाळी गवतावर दहिवर होतं. वारा अजिबात नव्हता. क्लबच्या अंगणात जुने सैनिक कोटावर पदकं लावून उभे होते. त्यांच्यात आई, शालीवर माझं पफर जॅकेट घालून. आधी तिथून परत न आलेल्यांसाठी सगळे गप्प उभे राहिले. मग कुणीतरी सीडी लावली. टामाने दोरी ओढायला सुरुवात केली.

झेंडा वर गेला, पण उलगडला नाही. नुसता लोंबत राहिला. इतकी वर्षं मिटून राहायची सवय.

मग पूर्वेकडून वारा आला. झेंडा उघडला. लाल, पिवळा, काळा आणि त्यावर सदऱ्याच्या कापडाचा पांढरा तारा. म्हाताऱ्या माणसांचे हात सॅल्यूटला गेले. वारा वाढला. मला बारीकसा आवाज ऐकू आला. तो आवाज आमच्या धंद्यात ओळखावा लागत नाही. राष्ट्रगीत अजून बाकी होतं.

मी हात वर करायला लागले. खांद्यापर्यंत आला असेल. हेदरने तो पकडला, खाली घेतला आणि घट्ट धरून ठेवला.

“राहू दे,” ती म्हणाली. तिची नजर वरच होती.

गीत संपल्यावर टामाने झेंडा सावकाश उतरवला. काळ्या त्रिकोणात, घडीवर, बोटभर फाटलं होतं. मी ते टामाला दाखवलं आणि सॉरी म्हणाले. आई पुढे झाली आणि मराठीतच म्हणाली, “छान मोडलीस हो घडी.” मी भाषांतर केलं नाही. त्याने मान हलवली.

पुढची तुकडी टिमोरला निघाली तेव्हा टामाने त्यांच्याबरोबर फोटो पाठवले, वर फडकणाऱ्या झेंड्याचा आणि फाटल्या जागेचाही. म्हातारीचा निरोप त्याने आम्हाला वर्कशॉपमध्ये येऊन सांगितला. तिने दोन्ही फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिले आणि विचारलं, “एवढंच फाटलं?”

तो झेंडा आता आडवा, काचेखाली, अंधाऱ्या खोलीत आहे. हेदर म्हणाली होती तसाच. फाटलेलं आम्ही शिवलं नाही.

कामाच्या बाबतीत एवढाच फरक पडला. वस्तू टेबलावर आली की पूर्वी मी आधी विचारायचे, हिला कशापासून धोका आहे? आता तो दुसरा प्रश्न झालाय. आधी विचारते, हिचं काही काम राहून गेलंय का?