टोकन आणा, वस्तू न्या

इमारतीत शिरताच डाव्या हाताचे पहिले दार टोकनमावशींचे. त्या दाराला वर एक कडी, खाली एक कडी, मध्ये साखळी आणि बाहेर डोकावण्यासाठी काचेची दोन भोके: एक उभ्या माणसाच्या डोळ्यांशी, दुसरे खुर्चीत बसलेल्या माणसाच्या. दुसरे कशाला, असे सुताराने विचारले होते. "चोर काय मी उभी असेन तेव्हाच येणार आहे?" असे उत्तर मिळाल्यावर त्याने मुकाट्याने गिरमिट फिरवले.

मावशी इमारतीत कोणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या. उमेदीची सगळी वर्षे त्या तयार कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात, कपडे घालून पाहण्याच्या खोल्यांच्या तोंडाशी, उंच स्टुलावर बसल्या. गिऱ्हाइकाने आत जाताना आपली पिशवी मावशींकडे ठेवायची आणि आकडा घातलेले लाल प्लॅस्टिकचे टोकन घ्यायचे. बाहेर येताना टोकन द्यायचे आणि पिशवी न्यायची. नाव विचारायचे नाही, गाव विचारायचे नाही. टोकन आणा, वस्तू न्या. एक सदरा घेऊन आत गेलेला सडपातळ माणूस बाहेर येताना अचानक गुटगुटीत दिसू लागला, की मावशी अत्यंत गोड आवाजात म्हणत, "उकडत नाही का हो?" बहुतेक चोऱ्या तेवढ्यावरच विरघळत. दुकान बंद पडले तेव्हा मालकाने विचारले, निरोपाची भेट म्हणून काय देऊ? मावशींनी टोकनांचा डबा मागितला. मालकाला गहिवरून आले. त्या डब्याचे पुढे काय होणार आहे हे कळते, तर त्याने तो हसत हसत वितळवून टाकला असता.

कारण निवृत्तीनंतर मावशींनी इमारतीत फेरी सुरू केली. दुपारी, जेवून लोक सुस्तावले की, चपला हातात घेऊन त्या जिना चढत. ज्याचे दार उघडे, त्याच्या घरातली एक वस्तू त्या उचलत आणि कडीला टोकन लटकवून खाली येत. नियम कडक होता. उंबरठा ओलांडायचा नाही; बाहेर उभे राहून हात पोहोचेल तेवढेच घ्यायचे. त्या नियमातसुद्धा किती मावते हे पाहून इमारत थक्क झाली: चष्मे, छत्र्या, टीव्हीचा रिमोट, एका सुखी दुपारी डुलकी घेणाऱ्याच्या पायातली एक चप्पल. टोकन घेऊन माणूस खाली आला की वस्तू मिळे, चहा मिळे, आणि चहा संपेपर्यंत "दार लावा, माणूस बघा" असे व्याख्यान मिळे. काही जणांनी तोंड भाजण्याचा धोका पत्करून चहा एका घोटात पिण्याचा सराव केला होता.

पहिले टोकन कोणाच्या दाराला लागले याविषयी एकमत नाही. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणतात, चौथ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या. डॉक्टरीणबाई म्हणतात, हेडमास्तरांच्या. मावशींना विचारले तर त्या नुसत्या हसतात. मात्र हसताना त्यांची नजर तिसऱ्या मजल्याकडे वळते, हे नोंदवण्यासारखे आहे.

दारे लागू लागली, यात शंका नाही. पण लोक वैतागलेही. हेडमास्तरांनी मावशींच्या लेकीला फोन केला. लेक दुसऱ्या शहरात, एका उंच मनोऱ्यात राहत असे. तिने त्याच संध्याकाळी आईला फैलावर घेतले.

"आई, लोकांच्या घरात हात घालतेस? या वयात?"

"घरात कुठे? फक्त हातच घालते. पाय बाहेरच असतात."

"आता एक जरी तक्रार आली ना, तर घराला कुलूप लावून तुला इकडे आणणार. इथे फाटकावर पहारेकरी आहेत, जागोजागी कॅमेरे आहेत. दार सताड उघडं टाकलं तरी काही होत नाही."

"अगं, मग मी तिथे करू काय?" मावशी कळवळून म्हणाल्या. त्यात विनोद अजिबात नव्हता. आपले दार, आपल्या कड्या आणि आपली बेसावध माणसे सोडून जायचे, या विचाराने त्या रात्री त्यांना घास गेला नाही.

म्हणून त्यांनी काही दिवस फेरी बंद ठेवली. पण सवय म्हणजे पाळलेले मांजर. कोंडले तरी खिडकीतून येते. एका दुपारी त्या "सहज पाय मोकळे करायला" चौथ्या मजल्यापर्यंत गेल्या. डॉक्टरीणबाईंचे दार उघडे होते आणि दाराशेजारच्या खुर्चीवर, हात लांबवला की लागेल अशी, लॅपटॉपची बॅग बसली होती. एवढी मोठी वस्तू मावशींनी आजवर उचलली नव्हती. पण मोहाला वय नसते. बॅग खाली आली, टोकन वर राहिले.

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाईंनी टोकन पाहिले, कपाळाला हात लावला, टोकन दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटावर ठेवले आणि जिन्यात उभ्या राहून फोनवर बहिणीला सगळे साग्रसंगीत सांगितले: बॅग मावशींनी नेली, टोकन दाखवल्याशिवाय मिळायची नाही, आणि आता ते व्याख्यान ऐकायला संध्याकाळी जावे लागणार. जिन्यात आवाज घुमतो. त्याच जिन्यात, पाणी शुद्ध करायच्या यंत्राची माहितीपत्रके वाटणारा एक तरुण उभा होता.

मावशींच्या दारावरची घंटा वाजली तेव्हा बाहेर तो तरुण होता. हातात टोकन, चेहऱ्यावर साखर.

"नमस्कार मावशी. डॉक्टर मॅडमनी पाठवलंय. दवाखान्यात गर्दी आहे, त्यांना निघता येत नाही."

त्याच्या गळ्यात ओळखपत्र होते, पण पाठमोरे. छापील बाजू छातीला टेकलेली. मावशींच्या ते ध्यानात आले. दुकानात असत्या तर त्यांनी त्याला तिथेच उभा केला असता. पण तो म्हणाला, "मावशी, तुमच्याबद्दल फार ऐकलंय. हल्ली लोक किती निष्काळजी असतात, नाही?"

झाले. मावशींनी साखळी काढली. त्याला बसवले, चहा दिला आणि व्याख्यान सुरू केले. तो ऐकत होता. मान डोलावत होता. "दाराला आतून कडी नसेल तर नुसत्या कुलपाचा उपयोग नाही म्हणता? वा!" असे प्रश्नही विचारत होता. असा विद्यार्थी मावशींना उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. टोकन खरे होते, आकडा खरा होता. त्यांनी बॅग त्याच्या हाती दिली; इतकेच नव्हे, तर "जपून ने हो, रस्त्यात खांद्याला आडवी लाव, चोर फार झालेत," असेही बजावले.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. "मावशी, टोकन कुठे ठेवलंय सापडतच नाहीये. आज तशीच द्या ना बॅग."

"टोकन तर दुपारीच आलं," मावशी म्हणाल्या.

त्यांनी ते डब्यातून काढून डॉक्टरीणबाईंपुढे धरले.

बॅगेत रुग्णांच्या दातांची सगळी छायाचित्रे होती. डॉक्टरीणबाई रडवेल्या झाल्या. जिन्यात इमारत गोळा झाली, आणि हेडमास्तरांनी सगळ्यांच्या मनातले वाक्य स्वच्छ उच्चारात म्हटले: "मावशी, आपल्या कृपेने चोराला दार शोधण्याचेसुद्धा कष्ट पडले नाहीत. वर चहा मिळाला तो निराळाच."

मावशींनी मान खाली घातली. चोरीइतकीच एक गोष्ट त्यांना टोचत होती. साऱ्या जगाला "माणूस बघा, माणूस" म्हणून बजावणाऱ्या त्यांनी स्वतः फक्त टोकन पाहिले होते. दुकानात ते चालत असे, कारण तिथे गिऱ्हाईक त्यांच्या डोळ्यांसमोरून आत जाई आणि त्यांच्याच डोळ्यांसमोर बाहेर येई. इथे मधला जिना होता.

हेडमास्तरांनी लेकीला फोन केलाच. "रविवारी येते. सामान बांधून ठेव," एवढेच लेक म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पोलिसांत तक्रार दिली. चौकशीला आलेल्या हवालदारबाई सगळे ऐकून म्हणाल्या, "पुन्हा दिसला तर आधी आम्हाला फोन. शौर्य करायचं नाही. अंगाला हात लावायचा नाही."

"हात नाही लावायचा," मावशींनी आज्ञाधारकपणे मान डोलावली. मग डॉक्टरीणबाईंना बाजूला घेतले. "तो येईल. दुकानात पहिला सदरा पचला की माणूस दुसऱ्यासाठी यायचाच. फक्त चोरी अजून उघड झालेली नाही, असं त्याला वाटलं पाहिजे."

तेव्हापासून मावशी खालच्या भोकाला डोळा लावून खुर्चीत बसून राहिल्या. शनिवारी दुपारी पाण्याच्या यंत्राची माहितीपत्रके पुन्हा जिना चढू लागली. मावशींनी आधी हवालदारबाईंना फोन केला आणि मग चौथ्या मजल्यावर. डॉक्टरीणबाई लगेच जिन्यात आल्या आणि बंद फोन कानाला लावून म्हणाल्या, "अगं, लॅपटॉप मावशींकडेच पडलाय, मला न्यायला वेळच नाही. आणि आज कॅमेराही नेला बघ त्यांनी!"

हे नाटक दोघींपुरतेच ठरले होते. पण हेडमास्तरांना त्याचा सुगावा लागला होता आणि त्यांना राहवले नाही. ते तिसऱ्या मजल्यावरून गरजले, "अरेरे! डॉक्टर! आपला मौल्यवान कॅमेरा गेला, असे मी ऐकतो!"

"सर, हळू!" डॉक्टरीणबाई कठड्यावरून कुजबुजल्या. "नाटक आहे, भाषण नाही."

तरीही डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम ठेवलेले टोकन कपाटावरून उचलले गेले आणि मावशींची घंटा वाजली. तोच चेहरा, तीच साखर, ओळखपत्र तसेच पाठमोरे.

"ये रे बाबा," मावशी म्हणाल्या. "कॅमेरा आतल्या खोलीत खुंटीला आहे. माझी कंबर धरलीये, तूच काढून घे."

तो आत गेला. खुंटीला एक लाल टोकन तेवढे लटकत होते. त्याने ते पाहिले आणि त्याच क्षणी बाहेरून कडी लागली. त्या खोलीच्या खिडकीचे गज मावशींनी लोहाराच्या डोक्यावर उभे राहून बसवून घेतले होते. अंगाला हात लावला नव्हता.

"मावशी, दार लागलं!" आतून आवाज आला.

"उकडत नाही ना रे?" मावशींनी विचारले.

मग त्यांनी जिन्यात येऊन हाक दिली. सगळी इमारत धावली. कोणी छत्री घेऊन, कोणी झाडू घेऊन, हेडमास्तर शब्दकोश घेऊन. मावशींनी त्या सैन्यावरून नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा काळवंडला.

"वरची दारं कोणी लावली?"

सैन्याने छत्र्या आणि झाडू खाली केले.

"म्हणजे एक चोर कोंडायला सगळी इमारत मोकळी सोडून आलात? याचा जोडीदार असता म्हणजे?" असे म्हणून त्यांनी टोकनांचा डबा काखेत मारला आणि, कंबर धरल्याचे पार विसरून, जिना चढायला सुरुवात केली. हवालदारबाई आल्या तेव्हा चोर आतून विनवत होता आणि इमारत वरच्या मजल्यावर मावशींची मनधरणी करत होती. बॅग पुढे चोराच्या भाड्याच्या खोलीत सापडली. लॅपटॉप विकायला त्याला सवड झाली नव्हती.

रविवारी लेक आली. मोठी रिकामी सुटकेस ओढत आली आणि आल्या आल्या कडाडली.

"चोराला घरात घेतलंस? कोंडलंस? हे ऐकून माझा विचार बदलेल असं वाटलं तुला?"

"बदलला नाही?"

"पक्का झाला!"

ती सुटकेस दाराशी टाकून, पर्स खुर्चीवर ठेवून हात धुवायला गेली. परत आली तेव्हा पर्सच्या जागी लाल टोकन होते.

"आई!"

"दार उघडं टाकून गेलीस."

लेकीने टोकन पुढे केले. मावशींनी ते घेतले नाही. "नियम बदललाय. टोकन काय, कोणीही आणतं. खूण सांग. आत काय आहे?"

"कंगवा. किल्ल्या. डोकेदुखीच्या गोळ्या, कारण मला आई आहे." लेक थांबली आणि जरा अवघडून म्हणाली, "आणि शिट्टी."

"कसली?"

"तूच दिलेली. कॉलेजला जायला लागले तेव्हा."

मावशींनी पर्स उघडून शिट्टी काढली. रंग उडाला होता. त्या काही वेळ ती नुसती निरखत राहिल्या, मग, डोळ्यांतले दिसू नये म्हणून असेल, फटकन म्हणाल्या, "वाजते तरी का? का नुसतीच मिरवतेस?"

लेकीने चिडून शिट्टी तोंडात घातली आणि जीव खाऊन फुंकली.

क्षणभर काहीच झाले नाही. मग वरून, मजल्यामागून मजला, दारे लागल्याचे आवाज आले. कुलपे फिरल्याचे आवाज आले. आणि त्यानंतर पावलांचे. डॉक्टरीणबाई सर्वांत पुढे होत्या. प्रत्येकाच्या एका हातात छत्री नाहीतर झाडू आणि दुसऱ्या हातात स्वतःच्या घराची किल्ली होती.

"काय झालं मावशी? कोण आहे? धरून ठेवा!"

"लेक आहे माझी," मावशी म्हणाल्या. त्यांनी एकेक किल्ली डोळ्यांनी टिपली आणि त्यांची छाती फुगली.

लेक त्या गर्दीकडे पाहत राहिली. तिच्या मनोऱ्यात एकदा धोक्याची घंटा बराच वेळ वाजली होती. एकही दार उघडले नव्हते. हे ती आईला कधीच बोलली नव्हती, आणि आजही बोलली नाही.

सर्वांत शेवटी हेडमास्तर आले. शब्दकोश होता, किल्ली नव्हती.

"दार ओढून घेतले," ते विलक्षण सभ्यपणे म्हणाले. "ते आपोआप लागले. किल्ली मात्र आत आहे. माझी जादा किल्ली आपल्याकडे असते, मावशी."

"टोकन?"

"तेही आत."

"मग खूण सांगा. किल्लीला काय बांधलंय?"

हेडमास्तर लाल झाले. खालच्या आवाजात, पण जिना घुमतो हे विसरून, ते म्हणाले, "गुलाबी गोंडा."

इमारत एवढी हसली की लेकीला खुर्चीवर बसावे लागले. हसू ओसरल्यावर तिने सुटकेस आईच्या पलंगाखाली सरकवली.

"इथेच राहू दे. रिकामी कुठे ओढत नेऊ?"

मावशींनी तिच्या हातावर टोकन ठेवले.

संध्याकाळी लेक निघाली. दार लागले, वरची कडी, खालची कडी. पण दूर जाणारी पावले वाजेनात. मावशींनी भोकाला डोळा लावला. लेक बाहेर तशीच उभी होती, कान देऊन.

"साखळी," ती म्हणाली.

मावशींनी साखळी लावली. मगच पावले वाजली.