विहिरीत झालेली निवड

आमच्या महिला दूध संस्थेची अध्यक्ष म्हणून माझी निवड झाली, तेव्हा मी विहिरीत दोराला लोंबकळत होते.

दुष्काळाचं वर्ष होतं. बेंबळीजवळच्या आमच्या गावात विहिरीचं पाणी म्हणजे तळातल्या खड्ड्यात झिरपेल तेवढंच. एकीनं शिडीवरून उतरायचं, वाटीनं घागर भरायची आणि बाकीच्यांनी ती वर ओढायची. पाळ्या मीच लावल्या होत्या. (माझ्या घरात आंघोळीच्याही पाळ्या होत्या. नवऱ्याची गुरुवारी!)

त्या दिवशी संस्थेच्या नोंदणीसाठी तालुक्याहून साहेब येणार होते. आजच अध्यक्ष ठरली तर संस्था उभी राहणार. नाहीतर दूध पुन्हा खवेवाल्याच्या मापात, आणि त्याचं माप फार खोल होतं! सगळ्यांना अध्यक्ष मीच हवी होते. पण साहेब दिसला की माझी बोबडी वळते. म्हणून मी पद्धतशीर योजना केली: पाळी नसताना पाळी बदलून घेतली आणि जीप यायच्या आत विहिरीत उतरले.

शेवटच्या पायऱ्या माझ्या वजनानं मोडल्या आणि मी थेट पाण्याच्या खड्ड्यात बसले. गावाचं सकाळचं पाणी माझ्या लुगड्यात!

"मेलीस का गं?" वरून हमीदा ओरडली. (माझी लग्नानंतरची पहिली मैत्रीण.)

"न्हाय!"

"मग पाणी कशाला गढूळ केलंस?"

शेजारच्या महानंदानं दोराला पाट बांधून खाली सोडला. मी बसले. ती, हमीदा आणि रांगेतल्या आणखी दोघी, अशा चौघींनी ओढलं. मी पुरुषभर वर आले आणि थांबले.

"वढा की!"

"दम खातोय आमी," महानंदा म्हणाली. "लई काय काय खातीस गं दुष्काळात?"

तेवढ्यात जीप वाजली. आमचे हे साहेबांना घेऊन थेट विहिरीवर!

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"सभा," हमीदा म्हणाली. "दोर सोडता येत न्हाय, म्हणून इथंच. बाकीच्या सभासद त्या बघा, घागरींच्या रांगेत."

"अध्यक्ष कुठं आहेत?"

"खाली."

साहेब वाकले. मी एका हातानं नमस्कार केला.

"बाई, तुमची संमती आहे?"

"आधी वर घ्या, मग सांगते!"

"आधी सांग, मग घेतो," चौघी म्हणाल्या.

"अगं, मला साहेबांसमोर बोलता येत न्हाय!"

"मग मघापासून कोण बोलतंय?" महानंदा म्हणाली. "चुकलीस तर आमी हाय की. आत्ता कुणी धरलंय तुला?"

मी वर पाहिलं. चौघींच्या हातांच्या शिरा ताठल्या होत्या, घाम टपटपत होता, हसू आवरत नव्हतं. पण दोर बोटभरही सरकला नव्हता. असल्या बायका वर असताना मी खाली कशाला लपले होते?

"हाय संमती!" मी इतक्या जोरात ओरडले की साहेब दचकून मागं सरले.

आमचे हे पुढं झाले. "लावू का हात?"

"नगं दाजी," हमीदा म्हणाली, "तुमी सभासद न्हाय!"

चौघींनीच मला वर घेतलं. पुढं महिन्याभरात आमचे दुधाचे कॅन तालुक्याला जाऊ लागले, आणि खवेवाला रामराम घालू लागला.

पहिल्या सभेत मी अध्यक्ष या नात्यानं ठराव मांडला: विहिरीला नवी शिडी घ्यावी. चौघींनी दुरुस्ती सुचवली: अध्यक्षबाईंनी तिच्यावर पाय ठेवू नये.

दुरुस्ती एकमतानं मंजूर झाली. सभासद नसताना आमच्या ह्यांनीही हात वर केला!